तीन माद्यांत एक नर बदक: ठेवावा की काढावा?

अंगणवेल (१४ जून, रात्री)
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घरामागं दोन गुंठ्यांचं परस आहे, त्यात पाच गावरान कोंबड्या आधीपासून आहेत. मागच्या दिवाळीनंतर आठवडी बाजारातून बदकाची सहा पिल्लं आणली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सगळ्या माद्याच हायेत, ताई." दोन पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली, चार जगली. तिघी आता अंडी देतात. चौथा नर निघाला. खाकी कॅम्पबेल जातीची आहेत असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, रंगावरून तरी तशीच दिसतात.

मुलीनं नराचं नाव राजा ठेवलंय. ती चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि आधी परसात जाते. तो तिच्या हातावरच्या ज्वारीच्या कण्या खातो, चोच हळूच घासत, एकही ओरखडा न उठता.

पण महिन्याभरापासून हा राजा एकाच मादीच्या मागं लागलाय. तिच्या मानेमागची पिसं पार गेलीत. रुपयाएवढी गुलाबी कातडी उघडी पडलीय आणि काल तिथं खपली दिसली. तो जवळ आला की ती मान खाली घालून भिंतीकडं सरकते. मला ते बघवत नाही.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात नर काढला तर अंडी बंद होतील. हे म्हणतात विकून मोकळं व्हा. मुलगी विषय निघाला तरी रडते. मला पुढंमागं पिल्लं काढायची इच्छा आहे, पण लगेच नाही. ज्यांनी बदकं सांभाळलीत त्यांनी सांगा, काय करू?

हुरडापार्टी
ताई, नावच राजा ठेवलं, आता तो राज्य केल्याशिवाय राहतोय होय! थट्टा बाजूला, मी पण हा धागा वाचणार आहे. मागच्या पोळ्याला भावानं चार बदकं आणलीत, त्यातला नर कोण हे अजून घरात ठरलेलं नाही.

गोदाकाठ
आधी सासूबाईंची काळजी मिटवा. अंड्याला नर लागत नै. कोंबडी जशी कोंबड्याबिगर अंडी देते तशीच बदकी देते. नर नसला की अंड्यातून पिल्लू निघत नै एवढंच. मी गंगाखेडकडचा, माझ्याकडं १४ माद्या हायेत. मागच्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी दोन्ही नर नेले. तवापासून एक म्हातारा नर कुणाकडून तरी आणलाय, त्याचं काय काम दिसंना. पण अंडी रोज येतेत, काही कमी झाली नैत.

सुगरण_जालना
+१. आमच्याकडं सुरुवातीपासून नर नाहीच. तीन वर्षं झाली, सकाळी सात-आठच्या आत अंडी पडलेली असतात. उशिरा सोडायची मात्र बदकं, नाहीतर कुठंही चिखलात अंडी टाकतात.

माझाही एक प्रश्न जोडते. नर असलेल्या घरचं अंडं फोडलं तर आत पिल्लू निघतं का? शेजारीण या भीतीनं बदकाचं अंडंच घेत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे, लातूर जिल्ह्यात नोकरी झाली. अंगणवेल ताई, सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये निर्णयापेक्षा तातडीची एक गोष्ट आहे.

ती खपली. पावसाळा तोंडावर आहे. उघड्या जखमेवर माशी बसली तर दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि मानेमागची जखम बदकाला स्वतःच्या चोचीनं साफ करता येत नाही. उद्या सकाळी तिला वेगळी काढा. कोमट पाण्यानं जखम धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा, कोरड्या जागी ठेवा. तिला एकटी ठेवू नका, दुसरी एक मादी सोबत द्या. बदक एकटं पडलं की खाणं सोडतं.

आता प्रमाण. हलक्या, अंड्यांच्या जातीत एका नराला पाच-सहा माद्या तरी हव्यात. तीन माद्या कमीच पडतात. त्यात बहुतेक नरांची एखादी आवडती असते आणि सगळा भार तिच्यावर येतो. तो चढताना तोल सांभाळायला चोचीनं मान पकडतो, म्हणून पिसं तिथलीच जातात. तुमचा राजा वाईट नाही, त्याच्या वाट्याला माद्या कमी आहेत.

सुगरण ताई, फलित अंडं उबेखाली बसल्याशिवाय आत पिल्लू वाढत नाही. सकाळी उचलून थंड जागी ठेवलेलं अंडं खायला तसंच असतं, चवीत फरक नसतो. अंडं दिवसभर ४२ अंशांच्या उन्हात पडून राहिलं तर गोष्ट वेगळी. तसं अंडं एरवीही खाऊ नये.

आणि अंगणवेल ताई, एक विचारतो: तो कोंबड्यांच्या मागं लागतो का?

अंगणवेल
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सकाळीच तिला आणि दुसऱ्या एकीला न्हाणीशेजारच्या खोलीत ठेवलं. जखम धुतली तेव्हा हात थरथरत होता माझा, पण ती शांत राहिली.

कोंबड्यांचं विचारलंत म्हणून सांगते. दोन-तीन दिवसांपूर्वी तो काळ्या कोंबडीवर चढायला बघत होता. ती ओरडत ओट्यावर उडाली. आम्ही सगळे हसलो. त्यात काही काळजीचं आहे का?

बालाघाटी
ताई, हसू नका. माझी चांगली तलंग अशीच गेली. आमच्याकडं दोन नर होते आणि मादी एकच उरली होती, बाकीच्या मुंगसानं नेल्या. नरांनी कोंबड्या धरायला सुरुवात केली. मला वाटलं खेळतेत. तिसऱ्या दिवशी तलंग कोपऱ्यात पिसं फुलवून बसली, मागून रक्त आणि मांसाचा गोळा बाहेर आलेला. संध्याकाळपर्यंत मेली. पहिलं अंडं देऊन आठ दिवस झाले होते तिला.

गोठ्यातला_डॉक्टर
बालाघाटी यांनी लिहिलं ते अनेकांच्या घरी होतं आणि कारण कळत नाही. कोंबड्याला बाहेर येणारं असं लिंग नसतं. दोघांचे मागचे भाग क्षणभर टेकतात आणि काम होतं. नर बदकाला मात्र पीळ असलेलं, लांब लिंग असतं. मादी बदकाचा मार्गही पिळाचाच, पण उलट्या दिशेचा. कोंबडीचं शरीर यासाठी घडलेलं नाही. आतून इजा होते, अंग बाहेर येतं, पू होतो. कोंबडी दोन-तीन दिवसांत दगावते आणि मालक म्हणतो मानमोडीचा रोग आला.

उलट बाजूनंही भानगड असते. कोंबडा बदकीवर चढला तर आतली इजा होत नाही, पण टोचून डोकं फोडतो.

म्हणून ताई, तुमच्या परसात खरी अडचण दुहेरी आहे. माद्या तीनच, आणि शेजारी पाच कोंबड्या. आता आपण दोन माद्या बाजूला काढल्या म्हणजे त्याला आणखी कमी झाल्या. आजच्या आज राजाला तट्ट्याआड करा.

अंगणवेल
केलं. ह्यांनी दुपारीच शेतातून तुराट्यांचा तट्टा आणला आणि जांभळीखालचा कोपरा वेगळा केला. राजाला माद्या दिसतात, पण जाता येत नाही. तो दिवसभर तट्ट्याला लागून येरझाऱ्या घालतोय. मुलगी तट्ट्याला पाठ लावून बसलीय त्याच्यासोबत.

मूळचा_हिंगोलीचा
लहानपणी आजोळी वसमतला एक मोठं बदक होतं, लाल चामखिळीसारखं तोंड, आणि ओरडायचं नाही, नुसतं सापासारखं फुसफुसायचं. आम्ही पोरं त्याला घाबरून संडासला जायचो नाही. तो नर होता का? नराच्या शेपटीला वळलेलं पीस असतं म्हणतात, ते तर त्याला आठवत नाही.

रानपाखरू
हिंगोलीकर, तुम्ही वर्णन केलंत ते मस्कोव्ही. ती जातच वेगळी, मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. तिच्या नराला शेपटीला कुरळं पीस येत नाही. तोंडावरचे लाल गोळे आणि आकार यावरून ओळखायचा, नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो. बाकी खाकी कॅम्पबेल, पांढरं पेकिन, इंडियन रनर ही सगळी घरगुती बदकं हिरव्या डोक्याच्या रानटी मॅलार्डपासून आली. त्यांच्या नराला शेपटीवर वळलेली पिसं येतात.

हुरडापार्टी, तुमच्या भावाला सांगा, पिसापेक्षा आवाज ऐका. दोन-अडीच महिन्यांनंतर जी मोठ्यानं "क्वॅक क्वॅक" करून गल्ली उठवते ती मादी. ज्याचा घसा बसल्यासारखा खरखरीत आवाज येतो तो नर. पिसावर विसंबू नका, कारण वर्षातून एकदा नर पिसं झाडतो तेव्हा ते वळण गळून पडतं आणि तो मादीसारखा दिसायला लागतो.

जायकवाडीच्या पाण्यावर मी वीस वर्षं हिवाळ्यात पक्षी बघतोय. तिथं हळदीकुंकू बदकाची जोडी दिसते, चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. त्यात नर-मादी जवळजवळ सारखेच. पण जोडीनं राहतात, एकाला एक. घरातल्या बदकानं जोडी करणं सोडलं, आपण त्याला एका गोठ्यात कोंडल्यावर. राजाचं वागणं बघताना हे लक्षात असू द्या.

हुरडापार्टी
रानपाखरू दादा, आत्ता भावाला फोन लावला. चारही बदकं फोनवर ऐकवली. तिघांचा घसा बसलेला आहे. आता आमचंच अवघड झालं.

तेरणाकाठ
मी थोडं वेगळं मत मांडतो. ताई, नर काढायची घाई कशाला? माद्या वाढवा. माझ्याकडं ४० पक्षी आहेत, ३५ माद्या आणि ५ नर, कुणाची मान उघडी नाही. तीन माद्या अजून आणल्या की तुमचा प्रश्न सुटला.

माझी सुरुवात गोगलगायीपासून झाली. २०२२ च्या खरिपात आमच्या धाराशिवला, लातूरला, बीडला शंखी गोगलगायीनं सोयाबीन उगवतानाच खाऊन टाकलं, आठवत असेल. माझं दोनदा पेरलेलं गेलं. रात्री बॅटरी घेऊन बादल्या भरून वेचायचो. दुसऱ्या वर्षी कुणीतरी बदकं सुचवली. मोठी शंखी ती गिळू शकत नाहीत, पण अंडी आणि बारकी पिल्लं सकाळच्या ओलीत टिपून काढतात. बांधाच्या कडेला, गवताच्या बुडाशी, दगडाखाली, माणसाचा हात जात नाही तिथं त्यांची चोच जाते.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली ती लिहितो, दुसऱ्याची होऊ नये. शेजारच्या शेतात गोगलगायीसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या होत्या. मला माहीत नव्हतं. सात बदकं एका सकाळी थरथरत, मान मागं टाकत मेली. आता शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय सोडत नाही.

दुसरं शेततळ्याचं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात बदक उतरतं, पण ओल्या कागदावरून वर येता येत नाही. कड्याला जुनी जाळी नाहीतर बारदानाच्या पट्ट्या दोरीनं बांधून सोडा, त्यावरून चढतात. खोल पाण्यात नर जास्त असले की मादीला एकामागून एक धरतात आणि ती बुडून मरते. माझी एक गेली तशी. म्हणून पाचाच्या वर नर ठेवत नाही.

दुष्काळी_भाग
माफ करा, पण मला पटत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात बदकं पाळायची? आमच्याकडं आजही नळाला आठ दिवसांनी पाणी. माणसाला हंडा नाही आणि बदकाला तळं. आणखी माद्या आणा हा सल्ला तर नकोच.

सुगरण_जालना
दादा, तुमची कळ समजते, आम्हीही टँकरची वाट बघितलीय. पण बदकाला तळं लागतंच असं नाही. माझ्या तिघींना एक घमेलं आहे. डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल हवं, कारण डोळे आणि नाकपुड्या ती पाण्यातच धुतात, नाहीतर डोळे चिकटतात. भांडी घासलेलं नाही, पण डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. संध्याकाळी तेच घाण पाणी वांग्याच्या बुडाशी ओतते. या वर्षी वांगी तोडता तोडता हात दुखले.

उन्हाळ्यात मात्र दिवसातून तीनदा बदलावं लागतं, हे खरं.

दुष्काळी_भाग
घमेल्यावर भागत असेल तर माझा विरोध थोडा कमी करतो. तरी तीन वरून सहा करायच्या आधी ताईंनी स्वतःच्या हौदाकडं बघावं.

बालाघाटी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जादा नर म्हणजे खायचा नर. आमच्या आजीच्या वेळेपासून कोंबड्यांत हाच नियम आहे, एक कोंबडा ठेवायचा, बाकीचे सणाला. त्यात पाप नाही. पण ज्याला लेकरानं नाव दिलं आणि हातावर खाऊ घातलं, तो कापू नये. माझ्या थोरल्याचा लाडका कोंबडा मी असाच कापला होता, त्यानं पुढं दोन वर्षं मटणाला हात लावला नाही. विकायचा तर कुणाला विकता ते विचारून विका. बाजारात दिला की तो कापायलाच जातो.

गोठ्यातला_डॉक्टर
बालाघाटींशी सहमत.

तेरणाकाठ यांचा सल्ला शेतावर बरोबर आहे, दोन गुंठ्यांत नाही. सहा माद्या, एक नर आणि पाच कोंबड्या एकत्र झाल्या की पावसाळ्यात परसाचा चिखल होतो आणि कोंबड्यांना ओल मानवत नाही. शिवाय बदक आणि कोंबडी एका खुराड्यात ठेवूच नये असं मी आग्रहानं सांगतो. २०२१ च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, ते तुम्हा परभणीकरांना सांगायला नको. बदक तो विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट दिसू शकतं, कोंबडी मात्र लगेच पडते. पाण्याची भांडी तरी वेगळी ठेवा.

पिल्लांचा विचार असेल तर हेही बघा. पिल्लं काढली की साधारण निम्मे नर निघतात. आज एका राजाचा प्रश्न आहे, पुढच्या वर्षी चार राजांचा असेल. ते कुठं जाणार हे आधी ठरवा, मग अंडी बसवा. तुमची चौघं एकाच टोपलीतून आणलेली, भावंडं असू शकतात. एकदा पिल्लं काढायला हरकत नाही, पण त्याच पिल्लांत पुन्हा नर-मादी ठेवू नका.

अंगणवेल (१८ जून)
सगळ्यांचं वाचतेय, रात्री सासूबाईंनाही वाचून दाखवते. नर आड करून दोन दिवस झाले, आजही तीन अंडी आली. त्या म्हणाल्या, "दोन दिसानं काय व्हतंय, आठवडा जाऊ दे."

डॉक्टरसाहेब, नर वेगळा केल्यावर अंडी किती दिवस फळती राहतात? आणि मका भरडा जरा वास मारतोय, उन्हात वाळवून दिला तर चालेल ना?

गोठ्यातला_डॉक्टर
मका आधी. नाही, अजिबात देऊ नका. बुरशी उन्हानं मरेलही, पण तिनं सोडलेलं विष, अफ्लाटॉक्सिन, दाण्यातच राहतं. बदक त्या विषाला कोंबडीपेक्षाही कितीतरी नाजूक आहे. कोंबडी पचवते त्या मक्यावर बदकाचं पिल्लू यकृत खराब होऊन मरतं. जुनी शेंगदाणा पेंडही तशीच. पावसाळ्यात खाद्य आठ दिवसांचंच आणा.

फळतीचं म्हणाल तर मादीच्या शरीरात नराचं बीज साठून राहतं. पहिला आठवडा अंडी चांगली फळती येतात, नंतर प्रमाण घसरत जातं, दोन आठवड्यांनंतर फारशी आशा धरू नये. का विचारलंत?

अंगणवेल
मका फेकला, पुरून टाकला. बरं झालं विचारलं.

का विचारलं ते नंतर सांगते, अजून मनाशीच आहे.

गोदाकाठ
अंगणवेल ताई, आता मी बोलतो. माझ्या १४ माद्यांत एकच म्हातारा नर, तोही लंगडा. तुमचा राजा मला द्या. पैसे सांगाल ते देतो. कापणार नै, शब्द देतो. ओढ्याकाठी जागा आहे, रात्री जाळीच्या खोलीत कोंडतो. कुत्र्यांनी नेल्यापासून दाराला दोन कड्या लावल्यात. लेकराला घेऊन या एकदा, बघून जाऊ द्या.

मूळचा_हिंगोलीचा
गोदाकाठ दादा, तुमची ही पोस्ट बायकोला वाचून दाखवली. तिनं सांगितलं, ताईंना म्हणा द्या.

तेरणाकाठ
१४ ला दोन नर, प्रमाण जमतंय. मी माझा सल्ला मागं घेतो. तिथं गेला तर त्याचं आणि त्या मादीचं दोघांचं भलं आहे. पण नवा नर एकदम सोडू नका दादा, आठ-दहा दिवस वेगळा ठेवून तब्येत बघा आणि मग सोडा. जुन्या नराशी दोन दिवस धुसफूस होईल, पाण्याची भांडी दोन जागी ठेवा.

अंगणवेल (६ जुलै)
उशीर झाला, पेरणीची गडबड होती. काय काय झालं ते लिहिते.

राजा आड केल्याला बारा दिवस होऊनही रोज तीन अंडी आली तेव्हा सासूबाईंनी स्वतः शेजारच्या काकूंना सांगितलं की अंड्याला नर लागत नसतो. मी आतून ऐकलं.

मादीच्या मानेवरची खपली गळून पडली आणि खाली निळसर काळी टोकं दिसायला लागलीत, दाढी उगवताना दिसतात तशी. ती नवी पिसं आहेत ना? आता ती भिंतीकडं सरकत नाही, घमेल्यात पहिली जाते.

काळी कोंबडी तेवीस जूनला खुडूक झाली. मनात होतं ते हेच. राजा वेगळा केल्यापासूनची पहिल्या सहा-सात दिवसांची अंडी मी तारीख टाकून माठाशेजारी गार जागेत ठेवली होती. त्यातली आठ चांगली निवडून चोवीसला तिच्याखाली बसवली. परवा रात्री मोबाईलच्या बॅटरीवर पाहिली. दोन रिकामी, सहांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. मुलीनं एका अंड्यात काळा ठिपका हललेला पाहिला आणि श्वास रोखून धरला.

आणि राजा. मागच्या रविवारी आम्ही तिघं त्याला द्यायला गंगाखेडकडं गेलो. गोदाकाठ दादांच्या माद्या मुलीनं मोजल्या, चौदाच होत्या. दाराच्या कड्याही मोजल्या. काकूंनी आम्हाला शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाऊ घातली. येताना मुलगी गाडीत बोलली नाही, पण रडली नाही.

गोदाकाठ
पोरगी लै हुशार हाय. मला विचारलं, राजाला कण्या कुणी हातावर देईल का. मी म्हणलं मी देतो. तवापासून रोज द्यावं लागायलंय, तो पायात येऊन उभाच राहतो. काल म्हाताऱ्या नरासोबत सोडला. थोडं हुसकाहुसकी झाली, आता दोन कोपरे वाटून घेतलेत.

गोठ्यातला_डॉक्टर
ती नवीन पिसंच. त्यांना हात लावू नका, त्या कोंबांत रक्त असतं.

कोंबडीचं एक लक्षात ठेवा. तिचा हिशोब एकवीस दिवसांचा, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस लागतात. शेवटच्या आठवड्यात ती कंटाळून उठू शकते. खाणं-पाणी जवळच ठेवा, दिवसातून एकदाच उठवा. ती उठली की अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्या, बदकाच्या अंड्याला ओल जास्त लागते.

सुगरण_जालना
आणि पिल्लं पाण्यात शिरली की त्या कोंबडीचं काय होतं ते बघाल. आमची काठावरून घमेल्याभोवती फेऱ्या मारायची, पंख पाडून ओरडायची, चोच पाण्यात घालून मागं घ्यायची. तिला कसं समजवायचं? तिसऱ्या दिवशी ती शांत बसायला शिकली. पण आठवडाभर खोल पाणी देऊच नका, कोंबडीच्या अंगाला पिसांवर चोळायचं तेल बदकीएवढं नसतं, पिल्लं भिजून गारठतात. उथळ ताटलीत खडे टाकून द्या.

हुरडापार्टी
आमच्या तीन नरांपैकी दोन तेरणाकाठ दादांनी ओळखीत एकाकडं पोचवले, शेतावर. एक ठेवलाय, पुढच्या बाजाराला माद्या बघतोय. या वेळी आवाज ऐकल्याशिवाय घेत नाही.

अंगणवेल (२३ जुलै)
काल पहाटे साडेपाचला खुराड्यातून बारीक चिवचिव आली. सहांपैकी पाच निघाली. सहाव्याला भोक पडलं होतं पण ते आतच गेलं. मुलीनं ते जांभळीखाली पुरलं.

काळी अंग फुगवून बसलीय, कुणाला जवळ येऊ देत नाही. तिच्या पंखातून एक पिवळी-तपकिरी चोच बाहेर येते आणि आत जाते.

खाद्य ताजं आणलंय, पिल्लांचं भांडं वेगळं, कोंबड्यांचं वेगळं. दोन-अडीच महिन्यांनी आवाज फुटतील तेव्हा रानपाखरू दादांना फोनवर ऐकवेन. माद्या निघतील त्या ठेवणार, नरांसाठी तेरणाकाठ दादांशी बोलणं झालंय, पुढच्या पावसाळ्याआधी बांधावर लागतील म्हणाले.

गोदाकाठ दादा, मुलगी विचारतेय, राजाच्या शेपटीची पिसं झडली का. तिनं वाचलंय की या दिवसांत झडतात.

गोदाकाठ
झडलीत. तिच्यासाठी दोन उचलून वहीत ठेवलीत, पोळ्याला या.